पंखा आडवा ठेवायचा

बसा. आता बाहेर पडण्यात अर्थ नाही. धुकं धावपट्टीवर चढलंय, थोड्या वेळात स्वतःचे पाय दिसायचे नाहीत तुम्हाला. वीज सकाळपर्यंत यायची नाही. कंदील आहे, कपाटात पांघरुणं आहेत. कुबट वास येतो त्यांना, पण थंडीपेक्षा वास बरा. आणि ती नक्कल आधी बंद कर. हो, तुलाच म्हणतोय.

"पंखा आडवा ठेवायचा, खटका मला दाखवायचा, मग घरी जायचं." हुबेहूब केलीस की. मान वाकडी करून, आवाजसुद्धा तस्साच. बाकीचे पोट धरधरून हसले. तुम्हाला वाटतं तुम्हाला उडायला शिकवणारी ही बाई खवट आहे, नव्या पोरांना छळण्यात तिला मजा येते. आहेच ती खवट. संध्याकाळी तुझ्यावर सगळ्यांदेखत ओरडली, कारण तू विमान शेडमध्ये लावलंस आणि पंखा उभाच सोडून चहा प्यायला आलास. एवढ्याशा गोष्टीवरून, असं तू म्हणालास. आता ऐका. मला रंगवून सांगता येत नाही. ज्याच्यावर बेतलं त्याने माझ्या स्वयंपाकघरात बसून मला सांगितलं, आणि त्याचा अंगठा मी माझ्या डोळ्यांनी पाहिलाय.

मी विमानात कधी बसलो नाही, बसणारही नाही. जमीन माझी, गवत माझं, कापतोही मीच. गवत वाढलं की चाकं अडकतात, फार खरवडलं की पावसात चिखल होतो, आणि दोन्ही वेळेला शिव्या मलाच. बाकी तुमच्या शास्त्रातलं मला फारसं कळत नाही. जे कळतं ते इथल्या माणसांची भांडणं ऐकून ऐकून कळलंय.

त्या काळी शेवटच्या शेडमध्ये दोघा साडूंचं विमान असायचं. सख्ख्या बहिणींचे नवरे. थोरल्याचं औषधांचं दुकान, धाकट्याचं फर्निचरचं. विमान दोघांत एक. दोन माणसं मावतील एवढं, कापड ताणून बसवलेले पंख, नाकावर लाकडी पंखा. तुम्ही प्रोपेलर म्हणा, इथे सगळे पंखाच म्हणतात. म्हण आहे ना, भागीचं घोडं किवणाने मेलं. इथे घोड्याला काही झालं नाही. भागीदार मेला.

थोरला कुणालाच आवडत नसे. खोटं कशाला बोलू, मलाही नाही. ज्याच्या त्याच्या चुका काढायचा. माझ्या गवतात काठी खुपसून बघायचा, आणि दुसऱ्यांचं विमान बांधलेलं असलं तरी दोर सैल आहे म्हणून परत आवळून जायचा. धाकटा त्याच्या बरोबर उलटा. हसतमुख, मोकळा, आला की चार माणसांना चहा पाजणारा. सगळ्यांचा लाडका. पण कुठलीही वस्तू वापरली की जिथल्या तिथे टाकून जायचं, मागचं आवरायला दुसरा कुणीतरी आहेच.

आता पंख्याचं ऐका. लाकूड ओल पितं. पंखा उभा ठेवला की ओल हळूहळू खालच्या पात्यात उतरते, ते पातं जड होतं आणि हवेत सगळं विमान थरथरायला लागतं. म्हणून काम झालं की पंखा आडवा करून ठेवायचा. धाकट्याने हे जन्मात केलं नाही. तो उडून गेला की थोरला संध्याकाळी दुकान बंद करून यायचा, उभा पंखा बघून त्याचा उद्धार करायचा आणि हाताने धरून आडवा करायचा. कितीतरी वेळा मी त्याला तसं करताना बघितलंय. धाकट्यालाही माहीत होतं. तो हसून म्हणायचा, म्हातारा येतो आणि करतो, आपण कशाला कंबर मोडून घ्यायची?

आणि दुसरा तो खटका, ज्याची तू टिंगल केलीस. आत बसायच्या जागेसमोर एक पितळी दांडी असते. म्हणजे त्या विमानात होती, करंगळीएवढी जाड. खाली केली की बंद, वर केली की चालू. ती वर राहिली तर इंजिन नुसतं झोपल्यासारखं दिसतं, पण जागं असतं. पंखा हाताने ओढला की इंजिनाच्या पोटात टक् असा आवाज होतो, ठिणगी पडते, आणि आत जराशी पेट्रोलची वाफ असली तरी पंखा आपला आपण फिरतो. ओढणाऱ्याचे हात तिथेच असतात. डोकंही.

एका संध्याकाळी धाकटा उतरला तो घाईत. दुकानात गिऱ्हाईक थांबलं होतं, फोनवर फोन येत होते. त्याने पेट्रोल तोडून इंजिन बंद केलं, उडी मारली आणि गेला. पंखा उभा. खटका वर. नेहमीप्रमाणे थोरला आला... नेहमीप्रमाणे त्याने पंख्याला हात घातला.

सकाळी तो मला सापडला. मी काय बघितलं ते सांगत नाही, तुमची आत्ताच जेवणं झालीत.

चौकशीला साहेब आले. त्यांनी सगळ्यांना एकच विचारलं, खटका वर कुणी ठेवला? धाकट्याने सांगितलं, मी खाली करून गेलो होतो. तोंड रडवेलं, डोळे सुजलेले, कोण अविश्वास दाखवणार? मग निघाला तो अर्थ असा, की थोरल्याने स्वतःच खटका वर केला आणि चाकांना ठोकळे न लावता, मदतीला कुणी नसताना एकटाच इंजिन चालू करायला गेला. मृताचा हलगर्जीपणा. असं कागदावर आलं. मग काय विचारता, लोकांना तेच हवं होतं. जन्मभर ज्याने चुका काढल्या त्याची चूक सापडली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, असं म्हणून इथेच, याच खोलीत, लोकांनी माना डोलावल्या.

थोरल्याची बायको एकदा माझ्या फाटकाशी आली होती. आत ये म्हटलं तर आली नाही. म्हणाली, झोपायच्या आधी घरातला गॅस तीनदा बघणारा माणूस होता तो. तुम्ही तरी असं म्हणू नका. ती गेल्यावर मला फार वाईट वाटलं, पण मीही मनात तेच धरून बसलो होतो.

आता धाकट्याची मुलगी. थोरल्याला मूलबाळ नव्हतं, त्याचा सगळा जीव या पोरीवर. आणि तिचा त्या काकावर. माणसांवर खेकसणारा तो थोरला तिला मात्र तासन्‌तास समजावून सांगायचा. विमान पुसायचं कसं, दोर बांधायचा कसा, पंखा आडवा का करायचा. काका गेल्यावर ती महिनाभर इकडे फिरकली नाही. मग आली आणि शिकायला लागली. बापापेक्षा चांगली. तिला शेडमध्ये पंखा उभा ठेवलेलं विमान दिसलं की राहवायचंच नाही, हात लावून आडवा करायची. कुणाची सवय ती, कळलं ना?

साधारण त्याच सुमाराला धाकटा माझ्याकडे भांडायला आला. म्हणाला, माझ्या शेडमध्ये शिरता कशाला? म्हटलं, मी कशाला शिरू, तुझी किल्ली माझ्याकडे आहे का? तर म्हणे, मी पंखा उभा ठेवून जातो आणि परत येतो तेव्हा आडवा असतो. म्हटलं, तुझी मुलगी करत असेल. तर ती तेव्हा गावातच नव्हती. त्याने कुलूप बदललं. पंखा आडवा. मग त्याने पंख्याला दोर बांधून खाली दगड लटकवला, फिरायलाच नको. दुसऱ्या दिवशी पंखा आडवा, आणि दोराची नीट गुंडाळी करून दगडावर ठेवलेली. तशी गुंडाळी इथे एकच माणूस घालायचा.

मी त्याला म्हटलं, कर नाही त्याला डर कशाला? सहज म्हटलं हो. तो माझ्याकडे असा बघायला लागला की मी विषय बदलला. खाई त्याला खवखवे, ते मला तेव्हा कळायला हवं होतं.

तर ती रात्र. नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. चंद्र नव्हता, असंच धुकं चढत होतं. रविवारी सकाळी मुलगी पहिल्यांदा एकटी उडणार होती. बापाला कोण कौतुक! सकाळी खोळंबा नको म्हणून जेवण उरकून तो पेट्रोलचे दोन कॅन आणि एक उशी घेऊन इकडे आला. पोरगी बुटकी, उशीशिवाय तिला समोरचं नीट दिसायचं नाही, म्हणून घरातली उशी. शेडचं दार उघडलं, मोबाइलचा उजेड पाडला.

पंखा उभा होता.

इतके दिवस आडवा सापडणारा पंखा त्या रात्री त्याने ठेवला तसाच उभा. त्याला काय वाटलं असेल? त्याला बरं वाटलं. सुटलो एकदाचा, असं वाटलं. तो शीळ घालत कामाला लागला. पेट्रोल गाळून टाकीत ओतलं, तळाचं थोडं काचेच्या बाटलीत काढून पाणी आलंय का बघितलं. नव्हतं. मग उशी ठेवायला आत चढला.

खटका वर होता.

त्याने तो खाली केला. म्हणाला, राहिला असेल. उशी नीट लावली, दोनदा थोपटली. आणि समोर...

खट्.

खटका वर.

त्याने परत खाली केला. बघत बसला. मोबाइल हातात. काही नाही. स्प्रिंग सैल झाली असेल म्हणाला. मनाशी म्हणाला, मोठ्याने नाही. आणि मोबाइल विझला. घरून निघताना पूर्ण भरलेला होता तो.

अंधार. पेट्रोलचा वास. आणि आणखी एक वास, औषधांच्या दुकानात शिरलं की येतो तो. त्याने अंगठा पुढे केला, चाचपडत खटक्यावर ठेवला. खाली होता. अंगठा तसाच दाबून धरला.

मग अंगठ्याखाली तो हलला.

झटका नाही. हळू. खालून कुणीतरी बोट लावावं आणि दाब वाढवत जावा, तसा. घाई नाही अजिबात. याने जोर केला, त्याने जोर केला. याने दुसरा अंगठा लावला. चाकांखाली ठोकळे नव्हते. विमान किंचित हललं...

तेवढ्यात शेडच्या दारात उजेड पडला.

मुलगी. बाबा टॉर्च घरीच विसरले म्हणून सायकल मारत आली होती. "बाबा?" म्हणाली. गाडी बाहेर उभी, दार उघडं, आत कुणी दिसत नाही. काळोख्या काचेमागे बाप बसलाय हे तिला कसं दिसणार? त्याने ओ द्यायला तोंड उघडलं.

आवाज नाही.

घसा बसतो तसं नाही. आवाजच नाही. जीभ हलत होती, ओठ हलत होते. ये म्हणायचं होतं, जा म्हणायचं होतं. काहीच नाही. आणि हात खटक्यावरून काढायची सोय नाही, काढला तर तो वर जाणार.

तिने टॉर्च रिकाम्या कॅनवर ठेवला. उजेड पंख्यावर पडला. उभ्या पंख्यावर. ती बोललेलं त्याला आत ऐकू आलं, आपल्याशीच बोलल्यासारखं: "परत उभाच ठेवलाय."

तेव्हा त्याला कळलं, आज पंखा उभा का आहे ते.

खटका बघून मग हात लावायचा, ही शिस्त तेव्हा कुठे होती? तिला तर ठाऊक, बाबा सांगतात, मी खटका खाली केल्याशिवाय उतरतच नाही. तिने दोन्ही हात वर केले. काचेतून त्याला फक्त हात दिसत होते. पात्यावर चार बोटं आली. मग आणखी चार. मग... किती हात होते ते त्याने मला सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

तो ओरडला, हात काढ. आवाज नाही. पोरीचं नाव घेतलं. नाही. देवाचं घेतलं. नाही. अंगठ्याखालचा दाब वाढला. पितळ वाकायला लागलं, त्याला ते कळत होतं, नखाखाली काहीतरी फुटल्याचंही कळत होतं. पातं हललं. पंखा फिरायला लागला... हळू... इंजिनाच्या पोटातला तो टक् आता येणार...

आणि मग त्याने ते म्हटलं. का म्हटलं, ठाऊक नाही. बाकी सगळं म्हणून झालं होतं, एवढंच उरलं होतं.

"मी वर ठेवला होता. त्या दिवशी. मीच."

हे मात्र आलं. स्वच्छ, मोठ्याने, सगळ्या शेडमध्ये घुमलं. त्याच क्षणी खालचा दाब गेला. त्याचे दोन्ही अंगठे खटक्याखालच्या फळीवर आदळले.

पंखा थांबला. टक् आलाच नाही.

मुलीचे हात पात्यावर तसेच होते. पेट्रोलचा थेंब कुठेतरी पडत होता, तेवढाच आवाज. मग तिने विचारलं, अगदी हळू.

"म्हणजे काका विसरले नव्हते?"

"नाही."

तिने हात खाली घेतले. टॉर्च उचलला आणि सायकल तिथेच टाकून चालत मावशीकडे गेली. बापाला अंधारात सोडून.

तो माझ्याकडे आला. एवढा मोठा गडी, माझ्या स्वयंपाकघरात लहान पोरासारखा हुंदके देत रडला. उजवा अंगठा काळानिळा, नख अर्धं निघालेलं. मी पातेल्यात थंड पाणी घेऊन त्यात बुडवून ठेवायला लावला. तो बोलत होता आणि मी ऐकत होतो, आणि मला त्याची दया येत नव्हती. आपल्या चुकीपायी माणूस गेला, हे एक. पण मेलेल्याच्या तोंडाला काळं फासून तू चहा पाजत फिरलास? आणि त्या थोरल्याचीही चीड येत होती मला. खरंच. भांडण तुझं बापाशी, मग पोरीच्या जिवावर का उठलास? ती तर तुझी लाडकी. का त्याला ठाऊक होतं, दुसऱ्या कुठल्याही गोष्टीने हा बोलणार नाही म्हणून? रात्री गवतातून चालताना अजून विचार येतो.

सकाळी तो मेहुणीच्या दारात गेला. तिने दार उघडलं, सगळं ऐकलं, त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. म्हणाली, मला कशाला सांगता, मला माहीतच होतं. ज्यांना माहीत नाही त्यांना सांगा. मग त्याने इथे येऊन सगळ्यांसमोर, धावपट्टीच्या कडेला उभं राहून सांगितलं. खाली मान घालून. ज्यांनी माना डोलावल्या होत्या ते बुटांकडे बघत उभे राहिले. कागद बदलायला पुढे बराच काळ गेला, पण बदलला.

त्यानंतर त्याने विमानाला हात लावला नाही. मुलगी त्याला दवाखान्यात नेते, औषधं आणून देते, कर्तव्यात कसूर नाही. पण त्या रात्रीपासून तिने त्याला बाबा म्हणून हाक मारलेली नाही. राहते ती मावशीकडेच. विमान तिनेच चालवलं, पुढे शिकवायलाही लागली. हो. तुमची बाईच ती. आज सात वर्षं झाली. आता कर बघू नक्कल.

...नाही ना होत?

थांबा. त्या टेबलाचा खालचा खण उघड. मागे हात घाल. फडक्यात गुंडाळलेलं आहे ते. हळू. हाच तो खटका. दुसऱ्याच दिवशी तिने तो विमानातून काढला आणि नवा बसवला. कंदिलाशी धर. पितळ आहे, बघ किती जाड. आणि बघ कसा वाकलाय, वरच्या बाजूला, आकड्यासारखा. तुमच्यातला पैलवान कोण? बोटांनी वाकवून दाखवा. टेबलाला टेकवून नाही, नुसत्या बोटाने.

अंहं. उलटा नको. उलटा वाकवायला जाऊ नकोस, ठेव खाली.

बरीच वर्षं तिने तो स्वतःजवळ ठेवला होता. मग एक दिवस फडक्यात गुंडाळून मला आणून दिला. तुम्ही ठेवा म्हणाली, माझ्या घरात नको. मी म्हटलं, एवढं चांगलं पितळ, शेगडीवर तापवतो आणि हातोडीने सरळ करतो, कशाला तरी कामी येईल.

तर म्हणाली, "सरळ करू नका. मी दोनदा करून पाहिलाय, सकाळी परत असाच वाकलेला असतो."